विश्वकर्मा पूजेच्या आदल्या दिवशी

कोलकात्यात आपलं मराठी कुणाला कळणार, या भरवशावर आभानं पहिल्याच दिवशी घोटाळा करून ठेवला.

झालं असं, की पुण्याहून सुटलेली गाडी हावड्याला बरीच उशिरा पोचली. स्टेशनाबाहेर टॅक्सीसाठी ही भलीमोठी रांग. आभाकडे एक मोठी बॅग, एक छोटी बॅग आणि आईनं निघता निघता हातात कोंबलेला चिवड्याचा डबा. रांगेतल्या एका बाईंनी सल्ला दिला, टॅक्सीचा नाद सोड, समोरच्या जेटीवरून लाँच पकड आणि पलीकडे जा. आभा गेली. बाकावर टेकली, लाँच सुटली आणि आईचा फोन आला.

"पोचले गं!" इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवत ती म्हणाली. "हो, उद्याच जॉइन व्हायचंय. टीम चांगली आहे म्हणतात... घोळ घातलाय तो आधीच्या टीम लीडनं. नुसतं काम चाललंय, चाललंय, पूर्ण म्हणून काही नाही. सगळं अर्धवट! आता राजीनामा देऊन मोकळा झालाय आणि निस्तरायला मी. नाव? काय बरं... शौनक. अगं, मराठीच आहे, इथे वाढलेला. मराठी माणसानं तरी असं करावं का, सांग बरं!... नाही, चिवडा अजून उघडला नाही."

शेजारी बसलेला तरुण पाण्याकडे तोंड करून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. त्याला बोट लागत असावी, असं आभाला वाटलं. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि पाऊस आडवा होऊन थेट आत घुसला. त्या तरुणानं बसल्या जागी छत्री उघडली आणि तिच्या बाजूला धरली. आभानं फोन ठेवला.

"चिवडा... पातळ पोह्यांचा आहे का?" त्यानं विचारलं. मराठीत.

आभा गर्रकन त्याच्याकडे वळली. "तुम्ही... मराठी?"

"हो. तेही अर्धवटच," तो म्हणाला. "मी शौनक."

लाँच नदीच्या मध्यावर होती. उतरून पळून जायची सोय नव्हती. आभानं निमूटपणे डब्याचं झाकण उघडलं आणि डबा त्याच्यापुढे धरला. त्यानं मूठभर चिवडा घेतला, अगदी मन लावून खाल्ला आणि म्हणाला, "तुमच्या आईंना सांगा, छान झालाय. आणि बाकीचं जे तुम्ही सांगितलंत ना... ते बरंचसं खरं आहे."

बाबूघाटला उतरल्यावर त्यानं तिची मोठी बॅग उचलली. "चहा खाणार?"

"चहा... खाणार?"

"इथे चहा खातातच," तो ओशाळून हसला. आभालाही हसू आलं. त्याच्या डाव्या गालावर खळी पडते, हे तिनं तेव्हाच पाहून ठेवलं. उगाच आपलं, पाहून ठेवलं.

न्यू टाउनमधल्या त्या ऑफिसात माणसं मोजकीच. आधी ही मंडळी छोट्या कारखान्यांना ऑनलाइन हत्यारं विकायचं बघत होती. ते काही जमलं नाही. आता मृणालदानं, म्हणजे कंपनीच्या मालकानं, दिशाच बदलली होती. हावड्याच्या गल्ल्यांमधले लेथवाले, ओतकाम करणारे, नटबोल्ट बनवणारे. त्यांना एक मोठी कंपनी कामं देते. कोणाचा माल कुठवर आला, हे त्या कंपनीला घरबसल्या दिसेल असं अ‍ॅप करायचं. दुर्गापूजेच्या सुट्ट्या लागायच्या आत ते चालताना दिसलं, तर पुढचं काम मिळणार. नाही दिसलं, तर मृणालदा कोलकात्याचं ऑफिस बंद करणार. टीमला हे माहीत होतं, म्हणून सगळे जरा दबकूनच असायचे.

आभानं पदर खोचला. म्हणजे ती जीन्समध्ये होती, पण तुम्हाला समजलं. सुरू करायची तारीख ठरवून तिनं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावली: सतरा सप्टेंबर. रोज सकाळी उभ्या उभ्या छोटी मीटिंग. काल काय झालं, आज काय होणार, अडलंय काय. फक्त आपल्या कामाचं बोलायचं आणि जागेवर जायचं. आणि दुपारी चहाच्या वेळी सगळे जमिनीवर बैठक मारून मुडी खात गप्पा हाणत बसायचे, ते तिनं बंद केलं. मुडी म्हणजे आपले चुरमुरेच, पण त्यात मोहरीचं कच्चं तेल, हिरवी मिरची, खोबऱ्याचे काप... आणि गप्पा मात्र दुनियेभरच्या. एवढा वेळ गप्पांत घालवला तर कामं पूर्ण कशी होणार, हा तिचा सरळ हिशेब होता.

कामं व्हायला लागली. अ‍ॅप तपासणारी लीना रोज म्हणायची, होऊन जाईल, आभादी. स्क्रीन बनवणारा रोहन म्हणायचा, होऊन जाईल. आणि शौनक? तो मीटिंगमध्ये मागे, खिडकीशी उभा राहायचा आणि तोंडातून अवाक्षर काढायचा नाही. पूजेच्या सुट्टीपर्यंत त्याची नोटीस होती. मग त्याला पुण्यात नोकरी लागली होती. हो, पुण्यातच. ती पुणं सोडून इकडे आणि तो कोलकाता सोडून तिकडे.

एरवी मात्र तो सगळं समजावून सांगायचा. कामाच्या निमित्तानं दोघं शेजारी बसत, "तुम्ही"चं "तू" कधी झालं ते कळलं नाही.

"पुण्यात दुपारी दुकानं बंद असतात म्हणे?" एकदा त्यानं विचारलं.

"असतात. आणि इथे बारा महिने मोहरीचं तेल असतं. तक्रार करायची नाही, अ‍ॅडजस्ट करायचं."

"मग तू मला पुणं शिकव. मी तुला कोलकाता शिकवतो."

"शिकवून काय उपयोग? शिकवणारा तर चाललाय," ती बोलून गेली. मग उगाचच स्क्रीनवर काहीतरी शोधायला लागली. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं आणि दोघंही ते फार लक्षपूर्वक बघत होती.

तारीख जवळ आली, तशी ती त्याच्याबरोबर हावड्याला कुसुमदींच्या कारखान्यात गेली. वडिलांमागे तो लेथचा कारखाना कुसुमदी चालवत होत्या. कपाळावर मोठं कुंकू, हाताला कायमचं वंगण, आणि आवाज मशीनच्या वरताण. अ‍ॅप दाखवून झाल्यावर आभा उत्साहानं म्हणाली, "तो सतरा को सुबह से आप लोग इसीमें एंट्री करेंगे, है ना?"

कुसुमदींनी आधी तिच्याकडे, मग शौनककडे पाहिलं आणि त्या खळखळून हसल्या. "सतरा को? उस दिन तो कोई मशीन को हाथ भी नहीं लगाएगा, मा! विश्वकर्मा पूजा है। खिचुडी खाने आना!"

आभाचा चेहरा पडला. परतीच्या लाँचवर बसल्याबरोबर ती शौनककडे वळली.

"टीममध्ये सगळ्यांना माहीत होतं?" तिनं विचारलं.

"पूजा सतराला आहे हे? इथे लहान पोरालाही माहीत असतं." शौनक चाचरत बोलत होता. "आम्हाला वाटलं, तू मुद्दाम तो दिवस निवडलास. शुभ म्हणून. त्या दिवशी फोन देवापुढे ठेवायचा, सिंदूर लावायचा... आणि खरं काम दुसऱ्या दिवसापासून. इथे नवीन वस्तू तशीच सुरू करतात."

"मी त्या कंपनीला लिहून दिलंय, की सतराला सगळ्या कारखान्यांचा माल लाइव्ह दिसेल! आमच्याकडे हत्यारांची पूजा खंडेनवमीला असते, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. मला सप्टेंबरमधलं काय कळणार?" ती थबकली. "पण तुला तर दोन्ही माहीत होतं, शौनक. तुझ्या घरी खंडेनवमी असेल ना?"

"बाबा दर वर्षी करतात."

"अख्ख्या ऑफिसात दोन्हीकडचं कळणारा तू एकटा. आणि तूच गप्प?"

त्यानं मान खाली घातली. "मी ठरवलं होतं, तुझ्या वाटेत यायचं नाही. मी बोललो की सगळे माझ्याकडे बघतात. सवय आहे त्यांना. माझ्या हातून काम पूर्ण होत नव्हतं, आभा, हे मला समजलं होतं. मी इथे असेपर्यंत ते दुसऱ्या कुणाचं मनापासून ऐकणार नाहीत. म्हणून तर राजीनामा दिला."

"म्हणजे मला मदत व्हावी, म्हणून तू तोंड बंद ठेवलंस?"

"हो."

"असली मदत पुन्हा करू नकोस," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं ते तिला मुळीच नको होतं. पाऊस पुन्हा आडवा आला. त्यानं छत्री उघडली आणि तिच्या बाजूला धरली. ती घुश्शात होती, पण छत्रीखालून सरकली नाही, हेही सांगायलाच हवं.

बसमध्ये तिचा राग हळूहळू तिच्या स्वतःकडे वळला. शौनक गप्प बसला, हे खरंच. पण बाकीचे? फक्त आपल्या कामाचं बोला, असं तिनंच बजावलं होतं. मुडीच्या त्या बैठकीत कुणीतरी सहज म्हणालं असतं, विश्वकर्माला तुमच्याकडे काय बेत, आणि सगळा प्रकार तिथेच उघड झाला असता. तिच्या मीटिंगमध्ये कामं सांगायला जागा होती. ज्या गोष्टी कुणाचंच काम नसतात, त्यांना नव्हती. हे मनाशी कबूल करायला तिला जड गेलं. पण केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः खाली जाऊन मुडीचे ठोंगे, म्हणजे कागदी पुडे, घेऊन आली आणि जमिनीवर मांडी घालून बसली. एकेक जण बिचकत येऊन टेकला.

"सतराला पूजा असते, हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मी शुभदिन वगैरे काही बघितला नाही. कॅलेंडरवर बुधवार दिसला, लिहून टाकला."

रोहनला ठसका लागला आणि त्यातून हसू फुटलं. लीना तर डोळे पुसत म्हणाली, "आणि मी घरी सांगितलं, आमची नवी आभादी किती भाविक आहे!"

हसणं ओसरल्यावर आभानं विचारलं, "पूजेच्या आदल्या दिवशी कारखान्यांत काय असतं?"

"धावपळ," रोहन म्हणाला. "सगळा माल बाहेर काढतात. संध्याकाळी मशीनं धुवायची असतात ना."

"म्हणजे सगळ्यांत जास्त नोंदी त्याच दिवशी. मग आपण सोळालाच सुरू करू या. एक दिवस आधी. होईल?"

सगळ्यांच्या नजरा सवयीनं शौनककडे वळल्या. शौनकनं ठोंग्यातली मिरची काळजीपूर्वक शोधली, तोंडात टाकली आणि नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत चावत बसला. पण यावेळी तो नुसता गप्प राहिला नाही. "मला नका विचारू," तो हाशहुश करत म्हणाला. "आभाला सांगा. आणि जे खरं असेल तेच सांगा."

लीनानं हात झटकले. "नाही होणार, आभादी. सगळं तर नाहीच."

आभा आल्यापासून तिला कुणी "नाही" म्हटलं नव्हतं. तिला इतकं बरं वाटलं की तिनं आपला ठोंगा लीनाला देऊन टाकला. "आता सांग, काय होणार नाही?"

मग खरी चर्चा झाली. कारखान्यातल्या माणसाला दोनच गोष्टी सांगायच्या असतात: माल हातात घेतला आणि माल निघाला. दोन मोठी बटणं पुरेत. बाकीचं नंतर. मालाचे फोटो काढायची सोय रोहननं जीव ओतून केली होती; तीही नंतर. रोहनचं तोंड उतरलं आणि तो उठून गेला. आभा त्याच्यामागे गेली. "तुझं काम वाईट आहे म्हणून नाही काढत," ती म्हणाली. "पण ते ठेवलं तर सोळा हातची जाते, आणि सोळा गेली तर ते दाखवायला ऑफिसच राहत नाही. राग आला असेल तर माझ्यावर काढ, कामावर नको." रोहन खिडकीतून बाहेर बघत राहिला. थोड्या वेळानं येऊन बसला आणि म्हणाला, बटणं जरा अजून मोठी हवीत.

त्या कंपनीला आणि मृणालदाला तिनं स्वतः फोन केला. तारखेची चूक माझी, एक दिवस आधी देतो, पण थोडं कमी देतो. मृणालदा पलीकडे दीर्घ श्वास घेऊन म्हणाला, बघ बाई.

सोळा तारखेला कुसुमदींच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पेट्या भरल्या जात होत्या, हातगाड्या दाराशी लागल्या होत्या. कुसुमदींनी फोनवर बोट दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. बोटाला वंगण! कुसुमदींनी चिडून कोपर टेकवलं आणि बटण दाबलं गेलं. रोहनच्या त्या मोठ्या बटणानं काम केलं होतं. तिकडे ऑफिसच्या पडद्यावर पहिलं नाव उमटलं, मग दुसरं, मग धडाधड. फोनवर लीना नुसती ओरडत होती. आभानं मागे वळून शौनककडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता, खळीसकट.

दुसऱ्या दिवशी सगळे खिचुडी खायला गेले. धुतलेल्या मशीनांना हार, हत्तीवर बसलेला देव, आणि देवापुढे सिंदूर लावलेला तो फोन, बंद करून ठेवलेला. गच्चीवर पतंग उडत होते. शौनकनं फिरकी तिच्या हातात दिली.

"ढील दे. अशी. जास्त ओढलंस तर तुटतो."

"आणि सोडून दिला तर?"

"तर... जातो."

तिच्या ओठांवर "थांब ना" आलं होतं. तिनं ते गिळलं. कारण थांब म्हणतेय ती टीम लीड, की नुसती आभा, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. त्याच्याशिवाय काम अडेल या भीतीनं त्याला ठेवून घेणं तिला नको होतं. तो काम नव्हता.

दुर्गापूजेच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस उजाडला. पुढचं काम मिळाल्याचं मृणालदानं आदल्याच दिवशी सांगितलं होतं. सकाळी एका कारखान्याच्या नोंदी दिसेनाशा झाल्या. रोहन, लीना सगळे आपापसांत भांडले, हसले आणि दुपारच्या आत दुरुस्त करून मोकळे झाले. शौनक खुर्चीत बसून होता. त्याला कुणीही काही विचारलं नाही. चहाच्या वेळी मात्र मुडी खाताना सगळे त्याच्याभोवती बसले. पूजेच्या तोंडावर कोलकाता सोडून जाणारा माणूस लीनानं आयुष्यात पाहिला नव्हता, आणि तसं तिनं त्याला पुन्हा पुन्हा ऐकवलं.

संध्याकाळी तो निघाला, तेव्हा आभा म्हणाली, "लाँचनं जाऊ या? नुसतं पलीकडे आणि परत."

नदीवर उजेड अजून रेंगाळत होता. दोघं तसल्याच बाकावर बसली.

"आज मला कुणी काही विचारलं नाही," शौनक म्हणाला.

"माहीत आहे. मी दिवसभर बघत होते. वाईट वाटलं?"

"थोडंसं." तो हसला. "बरंही वाटलं."

"मी त्याचीच वाट बघत होते."

"मी जायची?"

"टीमला तुझी गरज उरणार नाही, याची." ती सरळ त्याच्याकडे वळून बसली. "आता ऐक. तू थांबावंस, असं सांगायला माझ्याकडे कामाचं एकही कारण उरलेलं नाही. एकच उरलंय... आणि ते कामाचं नाही."

"काय म्हणालीस? इंजिनाच्या आवाजात ऐकू नाही आलं."

"खोटं बोलू नकोस! या लाँचवर तुला सगळं ऐकू येतं."

"खरंच नाही आलं."

"तू आवडतोस मला!" ती ओरडली. "इथे राहिलास तरी, पुण्याला गेलास तरी!"

समोरच्या बाकावरच्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "आता उत्तर दे रे बाबा," ते चक्क मराठीत म्हणाले. "घाट आला."

आभानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शौनकनं मांडीवरची बॅग उघडली आणि आतून एक डबा काढला. आभानं बोटांच्या फटीतून पाहिलं. तिचाच चिवड्याचा डबा, जो ऑफिसच्या फडताळात रिकामा पडला होता.

"हा मी गेल्या आठवड्यातच घरी नेला," तो म्हणाला. "आई म्हणाली, रिकामा डबा परत करतात का कधी? तिनं नारळाचे लाडू भरून दिलेत. तुझ्या आईंचा पत्ता तेवढा दे. खंडेनवमीला जाईन म्हणतो."

"आणि सांगशील काय तिला?"

"सांगेन, की मीच तो, सगळं अर्धवट ठेवणारा." त्यानं तिचा हात चेहऱ्यावरून खाली घेतला आणि सोडला नाही. "पुण्यात वर्षभराचं काम कबूल केलंय. ते पुरं करतो. मग इथे परत येतो, तुझ्याकडे. चालेल?"

तिनं मान हलवली. आजोबा उतरले, माणसं उतरली, नवी चढली. ही दोघं तिथेच बसून राहिली. मग आभानं डब्याचं झाकण उघडलं, एक लाडू काढला, अर्धा त्याला दिला आणि डबा पुन्हा घट्ट बंद केला, कारण तो पुण्यापर्यंत जायचा होता.